तेलकट त्वचेवरची मोठी रंध्रं: काय कमी होतं, कशानं, आणि किती दिवसांत

प्रश्न थोडक्यात असा: वय 27. कपाळ, नाक आणि गालांचा आतला भाग दुपारपर्यंत तेलानं चमकायला लागतो. नाकाच्या दोन्ही बाजूंची रंध्रं हातभर अंतरावरूनही दिसतात. दिवसातून चार-पाच वेळा तोंड धुणं, स्क्रब, बर्फ, नाकावरच्या चिकटपट्ट्या सगळं करून झालं. झणझणणारा टोनर लावला की तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच. रंध्रं कायमची बंद करता येतील का?

बंद करता येत नाहीत. रंध्र म्हणजे केसाचं मूळ आणि तेलग्रंथी यांची जी एकत्र नळी असते, तिचं त्वचेवर उघडणारं तोंड. या तोंडाभोवती उघडझाप करणारा स्नायू नसतो. अंगावर काटा आणणारा स्नायू असतो, पण तो खाली खोलवर नळीला जोडलेला असतो आणि तोंडाच्या आकाराशी त्याचं काही देणंघेणं नाही. त्यामुळे वाफेनं रंध्रं उघडतात आणि गार पाण्यानं मिटतात, हा समज चुकीचा आहे. वाफेनं आतलं तेल थोडं मऊ पडतं. बर्फानं रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते आणि चेहरा काही वेळ घट्ट वाटतो. टोनरमधलं अल्कोहोल वरचं तेल पुसून काढतं. तिन्हींचा परिणाम तास-दीड तासात संपतो, कारण रंध्राला त्यातल्या एकानंही हात लावलेला नसतो.

पण रंध्र किती *दिसतं* हे पुष्कळ बदलता येतं. ते नजरेत भरतं ते चार कारणांनी: तोंडाशी साचलेला ऐवज (तेल आणि सुटलेल्या पेशी), वरची चकाकी, कडेची ढिली पडलेली त्वचा, आणि कधी कधी ते रंध्र नसून मुरमाचा खड्डा असतो म्हणून. या चारही गोष्टींचा इलाज वेगवेगळा आहे. बहुतेकांचे पैसे आणि महिने वाया जातात ते एकाचं औषध दुसऱ्याला लावल्यामुळे. म्हणून आधी आरशासमोर दहा मिनिटं नीट बघा.

तुमची रंध्रं कोणत्या प्रकारची

सौम्य फेसवॉशनं तोंड धुवा, टिपून कोरडं करा आणि तासभर काहीही लावू नका. मग खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, साधा आरसा घेऊन बसा. दहापट मोठं दाखवणारा आरसा बाजूला ठेवा. त्यात कुणाचीही त्वचा खडबडीत दिसते आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. डोक्यावरचा दिवाही नको. वरून पडलेल्या प्रकाशानं प्रत्येक रंध्रात सावली पडते.

कपाळ, नाक, गाल आणि हनुवटीवर टिपकागदाचा एकेक तुकडा दहा सेकंद दाबा. फक्त कपाळ, नाक आणि हनुवटीवरचे तुकडे पारदर्शक झाले, तर त्वचा मिश्र आहे आणि गालांना नाकाएवढे कडक उपचार द्यायचे नाहीत. चारही तुकडे तेलकट झाले, तर सगळा चेहरा तेलकट धरा.

आता नाक बघा. एकसारख्या अंतरावर, त्वचेच्या पातळीतच राहणारे करडे-पिवळसर ठिपके दिसत असतील तर ते ब्लॅकहेड नाहीत. नळीच्या आत तेल आणि सुटलेल्या पेशी मिळून एक बारीक धागा तयार होतो, त्याचं ते टोक असतं. दाबलं की फिकट, मऊ, शेवईसारखं काहीतरी बाहेर येतं. हा धागा प्रत्येकाच्या नाकावर असतो, तेल वर आणण्याचं त्याचं काम आहे, आणि काढला तरी महिन्याभराच्या आत पुन्हा भरतो. ब्लॅकहेड वेगळा: एकटादुकटा, ठळक काळा, किंचित उंच, हाताला कडक लागणारा. त्याचा काळा रंग मळाचा नसतो. आतलं मेलॅनिन आणि तेल हवेच्या संपर्कात काळं पडतं. म्हणूनच घासून तो जात नाही.

मग गाल. तिथली रंध्रं गोल न राहता खाली ओघळलेल्या थेंबासारखी लांबट दिसत असतील, तर दोन बोटांनी गाल हलकेच कानाच्या वरच्या दिशेनं ओढा. ओढल्यावर ती जवळपास नाहीशी झाली, तर कडेचा आधार ढिला पडलाय. रंध्राभोवतीचं कोलॅजन आणि इलॅस्टिन (त्वचेला आधार आणि ताण देणारी प्रथिनं) वयानं आणि त्याहून जास्त उन्हानं झिजतं, आणि आधार सुटलेलं तोंड पसरतं. ओढूनही जी भोकं तशीच राहतात, ज्यांची कड धारदार आणि तळ खोल आहे, ते टोचल्यासारखे मुरमाचे व्रण असतात. त्यांच्यावर कोणतंही क्रीम चालत नाही, त्यांचा विषय शेवटी घेतला आहे.

27 व्या वर्षी, दुपारपर्यंत तेल येणाऱ्या चेहऱ्यावर, बहुतेक वेळा पहिली दोन कारणं असतात: साचलेला ऐवज आणि चकाकी. तिसरं कारण पुढच्या दहा वर्षांत येतं, आणि ते थोपवायचं काम आजपासूनच करायचं असतं.

धुणं

तेलग्रंथींचा लगाम अँड्रोजन या संप्रेरकांच्या हातात असतो. पाणी आणि साबण फक्त पृष्ठभागावर पोचलेलं तेल काढतात, ग्रंथीला त्याचा पत्ताही लागत नाही. तरीही चार-पाच वेळा धुण्यानं नुकसान होतंच, पण ते वेगळ्या वाटेनं. त्वचेच्या वरच्या थरात पेशींना बांधून ठेवणारी जी स्निग्ध द्रव्यं असतात, ती तेलाबरोबर निघून जातात. त्वचा ओढल्यासारखी वाटते, लाल होते, बारीक साल निघते. ती साल रंध्राच्या तोंडाशी अडकते, लालीनं कड किंचित सुजते आणि रंध्र आणखी ठळक होतं. वरून तेल आणि खालून कोरडेपणा अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांची गोष्ट बहुधा हीच असते.

सकाळी एकदा, रात्री एकदा, आणि खूप घाम आला तर तिसऱ्यांदा. फेसवॉश सौम्य, 5.5 च्या आसपास पीएच (आम्लता दाखवणारा आकडा, 7 च्या खाली आम्ल) असलेला. साध्या वडीच्या साबणाचा पीएच 9 ते 10 असतो, तो अंगाला ठेवा. पाणी कोमट. बोटांच्या पेरांनी 45 ते 60 सेकंद, त्यातले निम्मे नाकपुड्यांच्या खाचेत आणि हनुवटीच्या खळगीत, कारण घाईत नेमक्या याच जागा सुटतात. धुतल्यावर त्वचा करकरीत लागली तर फेसवॉश कडक आहे, बदला. सनस्क्रीन किंवा मेकअप असेल तर रात्री आधी पाण्यात विरघळणारं क्लेन्झिंग ऑइल कोरड्या हातांनी कोरड्या चेहऱ्यावर मिनिटभर फिरवा, मग ओल्या हातानं ते दुधाळ होईपर्यंत चोळा, धुवा, आणि त्यानंतर फेसवॉश. दुधाळ होण्याआधीच धुतलं तर तेलाचा थर मागे राहतो.

सॅलिसिलिक ॲसिड

ऐवज मोकळा करायला हे पहिलं औषध. बाकीची फळाम्लं पाण्यात विरघळतात आणि मुख्यतः पृष्ठभागावर काम करतात. सॅलिसिलिक ॲसिड तेलात मिसळतं, त्यामुळे तेलानं भरलेल्या नळीत उतरतं आणि तिच्या अस्तरातल्या एकमेकींना चिकटलेल्या पेशी सुट्या करतं. मुरमांसाठी डॉक्टरच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांत त्याचं प्रमाण 0.5 ते 2 टक्के असतं. रंध्रांसाठी 2 टक्क्यांचं, लावून ठेवायचं द्रावण किंवा जेल घ्या. फेसवॉशमधलं सॅलिसिलिक मिनिटभरात धुऊन जातं, त्याचा उपयोग होतो पण थोडा. द्रावणाचा पीएच 3 ते 4 च्या दरम्यान हवा. त्याहून वर गेला की आम्लाचा बराचसा भाग क्षाररूपात जातो आणि नळीत शिरत नाही. दोन बाटल्यांवर 2 टक्केच लिहिलेलं असताना एक काम करते आणि दुसरी करत नाही, त्यामागे बरेचदा हेच असतं.

रात्री, धुतलेल्या आणि पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, तीन-चार थेंब बोटांवर घेऊन फक्त तेलकट भागावर दाबून लावा. कापसावर घेतलं तर निम्मं कापूसच पितो. डोळ्यांभोवती, ओठांच्या कोपऱ्यात आणि नाकपुडीच्या अगदी खाचेत नको, तिथे ते साचतं आणि जळजळतं. पहिले दोन आठवडे दर तिसऱ्या रात्री, त्रास झाला नाही तर एक रात्र आड. ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर हे वापरूच नका. गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तीन-चार आठवड्यांत नाकावरचे ठिपके फिकट होतात, आणि त्यांच्याबरोबर रंध्रंही लहान दिसू लागतात. रंध्राचं तोंड तेवढंच असतं. त्यातला गडद रंग गेलेला असतो.

रेटिनॉइड: मुख्य काम इथे होतं

एकच औषध निवडायचं असेल तर मी रेटिनॉइड निवडेन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध; पुढची ट्रेटिनॉइन आणि ॲडापलिन ही त्यातलीच. नळीच्या आतल्या पेशी नीट न झडता एकमेकींना चिकटून गोळा होतात ती मूळ प्रक्रियाच ते सुधारतं, म्हणजे ऐवज साचण्याआधी अडवतं. शिवाय महिनोन्‌महिने वापरलेलं ट्रेटिनॉइन उन्हानं झिजलेल्या त्वचेत कोलॅजन पुन्हा तयार व्हायला मदत करतं, त्यामुळे कडेचा आधारही सुधारतो. अमेरिकेत ट्रेटिनॉइनला मुरमांसाठी 1971 मध्ये मान्यता मिळाली, म्हणजे या औषधाचे गुण आणि दोष दोन्ही नीट माहीत आहेत.

सुरुवात ॲडापलिन 0.1 टक्के जेलनं करा. ते ट्रेटिनॉइनपेक्षा कमी चुरचुरतं आणि उजेडात लवकर खराब होत नाही. काही देशांत ते चिठ्ठीविना मिळतं, काही देशांत चिठ्ठी लागते. संपूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरतं. कपाळ, दोन गाल, नाक आणि हनुवटीवर एकेक ठिपका ठेवून पातळ पसरा. पुरळावर किंवा रंध्रावर तेवढंच लावण्यात अर्थ नाही, कारण ते आज दिसत नसलेल्या गाठींवर काम करतं. जास्त लावल्यानं लवकर गुण येत नाही, फक्त साल निघते.

धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबून मगच लावा, ओल्या त्वचेत ते जास्त शिरतं आणि जळजळ वाढते. पहिले दोन आठवडे आठवड्यातून दोन रात्री, पुढचे दोन आठवडे तीन रात्री, मग एक रात्र आड. सहन झालं तर आठव्या आठवड्यापासून रोज. त्वचा नाजूक असेल तर आधी मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर ॲडापलिन, आणि लागलं तर वर पुन्हा मॉइश्चरायझर. असं केल्यानं जळजळ बरीच कमी होते आणि औषध अर्ध्यात सुटत नाही. रेटिनॉइडचा सगळा खेळ न सुटण्याचा आहे.

दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पुटकुळ्या वाढू शकतात. बहुतेक लोक औषध इथेच सोडतात. त्यामुळे दोन गोष्टींतला फरक ओळखता आला पाहिजे. नेहमीच्याच जागी, नेहमीसारख्याच बारीक पुटकुळ्या जरा जास्त आल्या आणि आठवड्याभरात बसल्या, तर आतले जुने अडकलेले ऐवज वर येत आहेत, चालू ठेवा. पण जिथे कधीच पुरळ येत नाही अशा जागी, गालाच्या कडेला, ओठांभोवती, लाली, चुरचुर आणि कागदासारखी साल असेल, साधं पाणी लागलं तरी झोंबत असेल, तर ती होरपळ आहे. पाच-सहा रात्री सगळी औषधं थांबवा, फक्त सौम्य फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन ठेवा, आणि मग आधीच्या निम्म्या वेळा लावून सुरू करा. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेवर अशी होरपळ मागे काळे डाग ठेवून जाते, ते रंध्रांपेक्षा जास्त काळ टिकतात. म्हणून इथे धीर धरून पुढे जाऊ नका, थांबा.

गरोदर असाल किंवा लवकरच व्हायचं ठरवत असाल तर कोणतंच रेटिनॉइड नको. त्या काळात ॲझेलाइक ॲसिड 15 ते 20 टक्के हा पर्याय डॉक्टर देतात. तेही नळीतल्या पेशींचं चिकटणं कमी करतं आणि डागांवरही चालतं.

ट्रेटिनॉइन 0.025 टक्के हे पुढचं पाऊल, डॉक्टरांच्या सल्ल्यानं. ते उजेडानं निकामी होतं म्हणून रात्रीच लावायचं, आणि जुन्या पद्धतीच्या जेलवर त्याच वेळी बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरमांचं दुसरं औषध) लावलं तर तेही त्याला निकामी करतं. ॲडापलिनला ही अडचण नाही.

सॅलिसिलिक आणि रेटिनॉइड एकाच आठवड्यात सुरू करू नका. त्रास झाला तर कुणामुळे झाला ते कळतच नाही. आधी चार आठवडे सॅलिसिलिक. मग ते आठवड्यातून एक-दोन रात्रींवर आणा आणि उरलेल्यांपैकी दोन रात्री ॲडापलिनला द्या. एकाच रात्री दोन्ही नकोत. कडक औषधाची रात्र, त्यानंतर एक मोकळी रात्र, असं महिनाभर चालू द्या.

चकाकी

नायसिनामाइड (ब3 जीवनसत्त्वाचा एक प्रकार) 2 ते 5 टक्के, सकाळी, सनस्क्रीनच्या आधी. दोन टक्क्यांनीही काही आठवड्यांत तेलाचं प्रमाण कमी होतं, आणि त्वचेचा वरचा थर मजबूत होत असल्यामुळे रात्रीची औषधं सोसतात. बाजारात 10 टक्क्यांची सीरम भरपूर आहेत. त्यांनी दुप्पट गुण येत नाही, काहींचा चेहरा मात्र लाल होतो.

मातीचा लेप आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. केओलिन सौम्य आहे, बेन्टोनाइट जास्त शोषतं. फक्त तेलकट भागावर पातळ थर, आठ ते दहा मिनिटं, लेप कडेनं फिका पडू लागला की ओल्या हातानं सोडवून धुवा. तडे जाईपर्यंत ठेवू नका, तोवर तो त्वचेतलं पाणीही ओढायला लागतो. रेटिनॉइडच्या रात्री लेप नको.

दुपारी पुन्हा तोंड धुण्याऐवजी टिपकागद वापरा. नाकावर, कपाळावर पाच सेकंद दाबा आणि उचला, पुसू नका. पुसलं की सनस्क्रीनही निघतं.

मॉइश्चरायझर तेलकट त्वचेलाही लागतो, विशेषतः ही औषधं चालू असताना. पाण्यासारखा हलका जेल घ्या. ग्लिसरिन किंवा हायलुरॉनिक ॲसिड आणि थोडं डायमेथिकोन (एक सिलिकॉन) असलेला पुरेसा होतो. खोबरेल तेल, कोको बटर आणि आयसोप्रोपाइल मिरिस्टेट असलेली क्रीम चेहऱ्यापासून लांब ठेवा, नळ्या तुंबवण्याबद्दल त्यांची ख्याती आहे. डोक्याला भरपूर तेल लावून झोपत असाल तर कपाळ आणि कानशिलांवरची रंध्रं का भरतात ते उशीच्या अभ्र्याकडे बघून कळेल.

सनस्क्रीन

तेलकट त्वचेची माणसं नेमकी हीच गोष्ट सोडतात, कारण बरीच सनस्क्रीन चेहऱ्यावर तुपकट बसतात. पण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रंध्रं किती पसरतील हे सगळ्यात जास्त ठरतं ते इथे. यूव्हीए हे उन्हातले अतिनील किरण त्वचेच्या खालच्या थरापर्यंत जातात, कोलॅजन आणि इलॅस्टिन तोडतात, आणि खिडकीच्या काचेतूनही येतात. वर्षानुवर्षं उन्हात राबलेल्या माणसांच्या डोळ्यांच्या बाजूला आणि गालफडांवर मोठमोठे काळे ब्लॅकहेड आणि पसरलेली रंध्रं दिसतात. या अवस्थेला फाव्र-राकूशो असं स्वतंत्र नाव आहे, आणि ती बहुधा वयस्कर माणसांच्या उन्हाकडच्या त्वचेवर दिसते.

एसपीएफ किमान 30, यूव्हीए संरक्षण लिहिलेलं, जेल किंवा पातळ द्रव. एसपीएफ 30 सुमारे 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं आणि 50 सुमारे 98 टक्के. म्हणजे आकड्यापेक्षा तुम्ही किती लावता हे महत्त्वाचं. प्रयोगशाळेत हे आकडे दर चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅम लावून काढलेले असतात. घरी लोक त्याच्या निम्मंही लावत नाहीत. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही पेरांपासून मुळापर्यंत भरून घेतलेलं, चेहरा आणि मान मिळून. एकदम तुपकट वाटतं म्हणून दोन भागांत लावा, मध्ये तीन-चार मिनिटं जाऊ द्या. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. घामाच्या दिवसांत टिपकागदानं टिपून मग लावा. डाग पडण्याची सवय असलेल्या त्वचेला आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन जास्त उपयोगी, ते दृश्य प्रकाशही काही प्रमाणात अडवतं आणि रंध्रांची सावलीही झाकतं.

कशानं बिघडतं

नाकावरच्या चिकटपट्ट्या धाग्याचं फक्त वरचं टोक उपटतात. नाक दोन दिवस स्वच्छ दिसतं आणि पुन्हा भरतं. रेटिनॉइड चालू असताना पट्टीबरोबर वरची सालही निघू शकते. नखांनी दाबून काढणं त्याहून वाईट: दाबानं नळीची भिंत आतल्या बाजूला फुटते, ऐवज त्वचेत सांडतो, सूज येते, आणि वारंवार केलं की कायमचा व्रण पडतो. तो व्रण मग मोठं रंध्र म्हणून आयुष्यभर दिसतो. कडक ब्लॅकहेड काढायचाच असेल तर तो क्लिनिकमध्ये, निर्जंतुक उपकरणानं काढून घ्या.

अक्रोडाच्या कवचाचे किंवा साखरेचे स्क्रब टोकदार कणांनी ओरखडे काढतात. लिंबाच्या रसाचा पीएच 2 च्या आसपास असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठू शकतात. खाण्याच्या सोड्याचा पीएच 8 च्या वर, म्हणजे नेमका उलट टोकाला. निरोगी त्वचा 5 च्या आसपास असते, दोन्ही तिला सोसत नाहीत. अंड्याचा पांढरा बलक वाळताना त्वचा ताणतो, धुतला की ताण गेला.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती उजळपणासाठी विकल्या जाणाऱ्या मिश्र क्रीमची. त्यांत स्टेरॉइड असेल तर पहिल्या काही आठवड्यांत त्वचा गुळगुळीत होते, रंध्रं नाहीशी झाल्यासारखी वाटतात. पुढे त्वचा पातळ होते, लाल रेषा उमटतात, एकसारख्या पुटकुळ्या येतात, आणि थांबवलं की चेहरा पेटतो. ट्यूबवर बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लूओसिनोलोन यांपैकी एकही नाव असेल तर चेहऱ्याला लावू नका. आधीपासून लावत असाल तर एकदम न तोडता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून सोडवा.

एखाद्या दिवसापुरतं झाकायचं असेल तर

मॉइश्चरायझर पूर्ण मुरू द्या. डायमेथिकोन आणि सिलिका असलेला प्रायमर मुगाएवढा घ्या आणि नाकाच्या बाजूंना बोटानं दाबून, छोट्या गोलांत, खालून वर बसवा. रंध्र खाली झुकलेलं असतं, वरून खाली पुसलं की ते भरत नाही. फाउंडेशन पातळ आणि मॅट, ओलसर स्पंजानं थोपटून. चमकणारी पावडर आणि हायलायटर रंध्रांच्या भागावर नको, चमक कडेवर पडते आणि भोक उठून दिसतं. पावडर फक्त नाक आणि कपाळावर, पफनं दाबून. काही तासांनी तेल आलं तर आधी टिपा, मग पावडर. तेलावर थेट पावडर टाकली की ती रंध्रात गोळा होते. रात्री हे सगळं दोन टप्प्यांत धुऊन काढायचं, प्रायमरचं सिलिकॉन नुसत्या फेसवॉशनं नीट निघत नाही.

क्लिनिकमध्ये काय होतं

घरचे उपचार नियमित 12 आठवडे झाल्यावर बघा. पहिल्या दिवशी, मग दर चार आठवड्यांनी, त्याच खिडकीत, त्याच वेळी फोटो काढून ठेवा. बदल इतका हळू होतो की आरशात तो जाणवत नाही. फोटोंत फरक दिसत असेल तर तेच चालू ठेवा. थांबलात की नळ्या पुन्हा भरतात.

फरक पडला नाही आणि ऐवज हेच कारण असेल, तर 20 ते 30 टक्के सॅलिसिलिक ॲसिडचे पील (वरची साल काढणारं तीव्र द्रावण), दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं, चार-सहा वेळा. रेटिनॉइड आधी काही दिवस थांबवावं लागतं, ते लावत असल्याचं न विसरता सांगा. कडा ढिल्या असतील तर सुया टोचण्याचे उपचार, रेडिओफ्रीक्वेन्सीसह किंवा त्याशिवाय, आणि फ्रॅक्शनल लेसर. दोन्ही कोलॅजन नव्यानं बनवायला लावतात, म्हणून परिणाम शेवटच्या बैठकीनंतर दोन-तीन महिन्यांनी दिसतो. गडद त्वचेवर सीओटू (कार्बन डायऑक्साइड) लेसरनं काळे डाग पडण्याचा धोका जास्त असतो. तिथे कमी तीव्रतेवर, जास्त अंतरानं काम करणारा आणि तुमच्यासारख्या त्वचेचा सराव असलेला डॉक्टर हवा. घरच्या सुईच्या रोलरनं हे काम करू नका, सुया लवकर बोथट होतात, त्वचा फाडतात आणि जंतू आत नेतात.

टोचल्यासारख्या व्रणांसाठी बारीक टोकानं तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड फक्त व्रणाच्या तळाशी लावतात, किंवा व्रण गोल पंचनं काढून टाकतात. आणि हे मुरूम पूर्ण थांबल्यानंतरच, नाहीतर एकीकडे भरायचं आणि दुसरीकडे नवे खड्डे पडायचे.

मुरूम जोरात असतील तर पोटात घ्यायचं आयसोट्रेटिनॉइन तेलग्रंथी खरोखर आकसवतं, त्याच्याइतकं तेल दुसरं कशानंच कमी होत नाही. पण त्यानं गर्भात गंभीर व्यंग येतं. म्हणून गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रीला सुरू करण्याआधी महिनाभर, घेत असताना आणि थांबवल्यावर महिनाभर खात्रीचं गर्भनिरोधन लागतं, शिवाय यकृत आणि रक्तातल्या चरबीच्या तपासण्या. केवळ रंध्रं दिसतात म्हणून हे औषध मागू नका आणि कुणाची उरलेली पाकिटं घेऊ नका.

तेल अचानक वाढलं असेल, पाळी अनियमित असेल, हनुवटीवर किंवा जबड्यावर जाड केस येत असतील, किंवा डोक्याचे केस पुढून विरळ होत असतील, तर चेहऱ्यावर काहीही लावण्याआधी संप्रेरकांची तपासणी करून घ्या. अशा वेळी स्पायरोनोलॅक्टोन (अँड्रोजनचा परिणाम अडवणारं औषध) किंवा गर्भनिरोधक गोळ्या डॉक्टर ठरवतात, आणि त्या चालू झाल्या की वर सांगितलेलं ॲडापलिन पहिल्यांदाच नीट गुण द्यायला लागतं.